दाजींचा नवा गुडघा

खोटं सांगत असेन तर माझी पक्कड गंजून जावो, पण दाजींच्या पायाला मी जो गुडघा बसवला, तसा देवानेही फार थोड्यांना दिला असेल.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फौजेत होते. एक पाय सुरुंगावर पडला आणि मांडीपासून गेला. बदल्यात सरकारने दुसरा दिला. तो म्हणजे नाठाळ घोडा. जिना चढताना वाकायचा नाही आणि कुणाला सलाम ठोकायला उभं राहिलं की नेमका वाकायचा.

मी कारखान्यातला जुना फिटर. दाजींना अपंगत्वाच्या फेरतपासणीचं बोलावणं आलं, तेव्हा म्हटलं, "फौजी माणसाने डॉक्टरांपुढे असल्या कुरकुरत्या गुडघ्याने जायचं? पाय इकडे आणा."

ताई म्हणाली, "अरे, पेन्शनमधला अपंगत्वाचा वाटा या तपासणीवर ठरतो. आमचं घरभाडं त्यातून जातं. आहेत तसे जाऊ दे ना त्यांना."

"ताई, तुला यंत्रातलं काय कळतं?" असं मी म्हणालो. याच तोंडाने.

तपासणी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. पाय नसलेल्यांना तिसऱ्या मजल्यावर बोलावणाऱ्याचं डोकं कुठल्या मजल्यावर असेल, ते तुम्हीच ठरवा. दाजी मात्र माझ्या गुडघ्यावर असे चढले, की मागचे दोन धडधाकट शिपाई धापा टाकत कठड्याला लटकले.

आत तपासणी मंडळाचे जाडजूड अध्यक्ष आणि शेजारी एक डॉक्टरीणबाई.

"चालून दाखवा," अध्यक्ष म्हणाले.

मी डोळ्यांनी खुणावलं, जरा लंगडत चाला. पण साहेबासमोर लंगडणं दाजींना कुठलं जमायला? छाती काढून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले आणि टाच आपटून वळले.

अध्यक्ष लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "चालण्यात दोष नाही. अपंगत्व नगण्य."

माझं टाळकंच सटकलं. "साहेब, त्यांना पाय फुटलेला नाही. हा नकली आहे, गुडघा मी बनवलाय."

"आम्ही माणूस चालतो कसा ते बघतो. हे उत्तम चालतात."

"मग तुमचा तो जाड भिंगांचा चष्मा? तो लावला म्हणजे तुमचे डोळे बरे झाले काय?"

"साधनासह तपासायचं, असा नियम आहे."

"मग साधन तरी नीट तपासा." मी दाजींना खुर्चीत बसवलं, पाय उतरवला आणि साहेबांच्या कागदांवर आडवा ठेवला. सांधा दाखवला, स्प्रिंग दाखवली. रागात होतो, तरी कारागिरी मिरवायची खुमखुमी जाते कुठे? साहेबांचे डोळे खेळणं मिळाल्यासारखे लुकलुकले.

"हा खटका दाबला की काय होतं?" असं विचारता विचारता त्यांनी तो दाबला.

होणार काय? गुडघा मिटला. साहेबांचा अंगठा आत.

त्यांच्या किंकाळीने खालच्या मजल्यावरचे कर्मचारीसुद्धा कामाला लागले म्हणतात. सांधा उघडायची किल्ली माझ्या घरी. मग साहेब माझ्या स्कूटरवर मागे, त्यांच्या मांडीवर पाय, पायात अंगठा. सिग्नलला लोक आधी आमचे पाय मोजायचे, मग वाट द्यायचे.

इकडे दाजी खुर्चीत अडकलेले. त्यांना लागली तहान, आणि पाणी दाराशी. बाईंना कसं सांगायचं, म्हणून एका पायावर उड्या मारत स्वतःच निघाले. आधाराला फायलींची उतरंड धरली आणि तिच्यासकट बाईंच्या टेबलावर कोसळले.

बाईंनी त्यांना उठवलं, पाणी दिलं, अध्यक्षांचं वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'एक पाय नाही.' एवढं दिसायला शिकलेल्या माणसांना आख्खं कार्यालय अंगावर घ्यावं लागतं! सुटून आलेल्या अध्यक्षांनी सुजल्या अंगठ्याने मुकाट सही केली. वाटा वाचला.

पुढे एकदा साहेब स्वतःच ताईच्या दारात उभे. अंगठा अजून वळत नव्हता.

"कामावर असताना इजा झाली, म्हणून भरपाईचा अर्ज केला," ते म्हणाले. आवाज रडवेला. "फेटाळला हो. म्हणे, हात उत्तम चालतो. दुखणारा अंगठा माझा, आणि हे सांगणार मला?"

दाजींनी त्यांना बसायला खुर्ची दिली. "अर्जावर सही कुणी केली, साहेब?"

"मीच, याच हाताने. का?"

"तिथेच चुकलात," दाजी हळहळले.