प्रागमध्ये आम्ही नवरीकडचे

प्लॅनिंगच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस निदान ॲन आर्बरमध्ये तरी नाही, असं गेल्या जूनपर्यंत माझं ठाम मत होतं. अठरा वर्षं युनिव्हर्सिटीच्या लॅबची वेळापत्रकं मीच आखतोय. तेव्हा प्रागमधला एक दिवस म्हणजे किरकोळ काम.

दिवस खरोखर एकच होता. शरयू शुगर लँडहून पुण्याला निघाली होती आणि वाटेत प्रागला एक मुक्काम करणार होती. दिगंबर रेडमंडहून तिथे कॉन्फरन्सला आला होता. मी मात्र खास या दोघांसाठी गेलो. वीस वर्षांपूर्वी आम्ही तिघं एमएस करायला अमेरिकेत, ॲन आर्बरला आलो, एकाच बिल्डिंगमध्ये राहिलो, एकाच कुकरमधली खिचडी खाल्ली. मग नोकऱ्या, मुलं, आईवडिलांची आजारपणं. फोन उरला तो वाढदिवसापुरता. तिघांनी एकत्र बसून गप्पा मारल्याला अकरा वर्षं झाली होती.

म्हणून मी एक्सेल शीट केली. चौदा ठिकाणं, प्रत्येकासमोर मिनिटं. शिवाय तीन महिने ॲपवर चेक भाषा शिकलो. 'हो' म्हणजे 'आनो', हे मी झोपेतही सांगितलं असतं.

सकाळी दहाला जुन्या टाउन हॉलची टूर होती. दिगंबरच्या कॉफीपायी उशीर झाला. धावतपळत पोचलो तर दारावरची बाई दार लावायच्या बेतात. तिनं घाईघाईनं विचारलं, "स्वात्बा?"

"आनो," मी म्हणालो.

"नेव्येस्ता?"

"आनो, आनो."

तिनं आम्हाला डावीकडच्या बाकांवर बसवलं.

"काय म्हणाली रे?" दिगंबरनं विचारलं.

"टूरचं कन्फर्म केलं," मी म्हणालो.

हॉल सुरेख होता. रंगीत काचा, मोठं झुंबर, कुठूनतरी ऑर्गनचे सूर. समोर एक जाडजूड खांब होता, त्यामुळे पुढचं फारसं दिसत नव्हतं. उजवीकडचे बाक गच्च भरलेले. डावीकडे आम्ही तिघं आणि जांभळी टोपी घातलेली एक म्हातारी.

"लोक फार नटूनथटून आलेत," शरयू कुजबुजली.

"युरोपात लोक असेच राहतात," मी म्हणालो. दिगंबरनं आपली हाफ पँट जरा खाली ओढली.

गळ्यात जाड साखळी घातलेला एक माणूस बोलायला लागला. मी दोघांना समजावलं की हा गाइड आहे आणि आता या इमारतीवरच्या प्रसिद्ध घड्याळाचा इतिहास सांगतोय. दहा मिनिटांनी तो थांबला. सगळे गप्प. मला वाटलं प्रश्नोत्तरं सुरू झाली. हे छत मूळचंच आहे की नंतर बसवलं, एवढंच मला विचारायचं होतं. मी हात वर केला.

सगळा हॉल वळला. खांबामागून एक पांढरा झगाही वळला, आणि त्याच्या शेजारचा काळा सूट.

"अंक्या, हात खाली घे," शरयू ओठ न हलवता म्हणाली. "लग्न चाललंय इथे."

साखळीवाल्यानं माझ्याकडे बघत थंड आवाजात काहीतरी विचारलं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण घाबरलेला माणूस पाठ केलेलंच बोलतो.

"आनो," मी म्हणालो.

उजवीकडे कुणीतरी किंचाळलं. नवरदेवाचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. माझा या लग्नाला काही आक्षेप आहे का, असं त्यानं विचारलं होतं, हे मला मागाहून कळलं. 'स्वात्बा' म्हणजे लग्न आणि 'नेव्येस्ता' म्हणजे नवरी, हेही तेव्हाच.

शरयू उठली. साडेतीनशे माणसांच्या कंपनीत मीटिंगा चालवणारी बाई ती. तिनं इंग्रजीत शांतपणे सांगितलं की आम्ही टूरिस्ट आहोत, दार चुकलोय, आणि या माणसाचा जगातल्या कुठल्याच लग्नाला आक्षेप नाही. तो मूर्ख आहे, पण निरुपद्रवी आहे. सगळ्यांत आधी नवरी हसली. मग लग्न लागलं.

आम्ही जिन्यावरून पळ काढत होतो तेवढ्यात नवरीनं गाठलंच. तिचं नाव लेन्का. तिच्या गावाहून येणारी बस वाटेत बंद पडली होती आणि आदल्या दिवशी आलेली आत्या सोडली तर माहेरचं कुणीच पोचलं नव्हतं.

"तुम्ही माझ्या बाजूला बसलात," ती इंग्रजीत म्हणाली. "आता जेवूनच जा."

मी शीट काढून सांगणार होतो की अकरा वाजता आम्हाला पुलावर असायचंय. पण जांभळ्या टोपीच्या आत्यानं शरयूचा हात घट्ट धरला होता आणि शरयूचे डोळे भरले होते.

"माझ्या बाजूलाही एकच माणूस होता रे," ती म्हणाली.

तो माणूस मी होतो. ॲन आर्बरच्या कोर्टात तिचं आणि सौमित्रचं लग्न झालं, तेव्हा दोघांच्याही आईवडिलांना व्हिसा मिळाला नव्हता. मी मुलीकडचा, दिगंबर मुलाकडचा. बाहेर वीतभर बर्फ. दिगंबरनं क्लार्कसमोर हट्ट धरून शरयूला उखाणा घ्यायला लावला होता.

मी शीट खिशात घातली.

जेवणाच्या हॉलच्या दारात वेटरच्या हातून एक प्लेट पडून फुटली. दिगंबरनं तत्परतेनं झाडू मिळवला आणि मिनिटभरात फरशी लख्ख केली. कुणीच थँक्यू म्हणेना. मग कळलं की प्लेट मुद्दाम फोडतात आणि तुकडे नवराबायकोनं मिळून गोळा करायचे असतात. दुसरी प्लेट आणवली, फोडली, आणि तेवढा वेळ दिगंबरला खुर्चीवर बसवून ठेवलं.

जेवताना लेन्कानं विचारलं, तुमच्याकडे काय करतात? दिगंबर लगेच म्हणाला, "शरयू, तोच घे."

शरयू आढेवेढे घेत उभी राहिली.

"ॲन आर्बरच्या थंडीत गोठली गाडीची काच,
सौमित्रचं नाव घेते, पुरे आता जाच."

वीस वर्षांनी तिला तो जसाच्या तसा आठवत होता. लेन्काला अर्थ सांगितला, तर तिनंही आपल्या नवऱ्याचं, पावेलचं नाव घालून आमच्यामागून तो म्हटला, 'जाच'सकट. चार वाजता बसमधली मंडळी पोचली, तेव्हा आम्हीच दारात उभे राहून त्यांचं स्वागत केलं. प्रागमध्ये आम्ही पाहिलं ते एवढंच. शरयू विमानतळावर जाताना टॅक्सीत आमच्या दोघांच्या मधे बसली आणि सारखी हसत होती.

घरी येऊन मी गिरिजाला सगळं रंगवून सांगितलं. आक्षेप, झाडू, उखाणा. माझी बायको अशा गोष्टींना मनापासून हसते. या वेळी मात्र तिनं शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"नवरीकडचे म्हणून पाच तास जेवलात ना? मग आहेर काय केलात?"

सध्या आम्ही प्रागला पैठणी पाठवायला किती दिवस लागतात याची चौकशी करतोय.