अब्रेफा झटपट, यिआदोम उन्हात

"नवीन यंत्र कशाला? याच डबड्यात सगळं गाव बसवतो!" क्वाकू अब्रेफाने भर बैठकीत छाती ठोकून सांगितलं. ओपानिन, म्हणजे वडीलधारे, यिआदोम समोरच बसले होते. त्यांची मुलगी सेरवा क्वाकूला हवी होती आणि म्हातारबुवांना नुसत्या गप्पा ठोकणारा जावई नको होता.

घानातल्या कुमासी शहरात त्यांच्या मंडळाच्या जेवणावळीला दारावर यंत्र असे. नाव दाबायचं, यादीत सापडलं की दिवा हिरवा, माणूस आत! पण यंत्राची मेमरी चिमटीभर. क्वाकूने शक्कल लढवली. प्रत्येक नाव पूर्ण ठेवायचंच कशाला? आधीच्या नावाहून जेवढी अक्षरं वेगळी, तेवढीच साठवायची! स्वतःचं नाव दाबून पाहिलं. चुटकीसरशी हिरवा! स्वारी खूश.

जेवणाच्या दिवशी अब्रेफा मंडळी भराभर आत गेली. मग ठेवणीतलं रंगीबेरंगी केंटे वस्त्र खांद्यावर टाकून ओपानिन आले. नाव दाबलं. यंत्र ढिम्म!

यादीतलं शेवटचंच नाव ते. प्रत्येक नाव आधीच्या नावावर टेकलेलं, म्हणून ते जुळवायला यंत्र पहिल्या अब्रेफापासून एकेक नाव उलगडत निघालं होतं. रांग वाढली, ऊन तापलं, आणि आतून बोकडाच्या रश्श्याचा वास यायला लागला.

"असंच सोडा की हो आत!" क्वाकू दारावरच्या काकांना म्हणाला.

"हिरवा दिवा नाही, तर आत नाही. नियम तूच केलास!"

"अब्रेफा झटपट, आणि आम्ही उन्हात?" रांगेतली एक बाई कडाडली. "भावकीची सोय बरी लावलीस रे!"

"तसं नाही हो मावशी, मी जागा वाचवली..."

"कुणाची? जेवायच्या टेबलावरची?"

ओपानिनांनी वस्त्राच्या टोकाने घाम पुसला. क्वाकूने घाईघाईने लॅपटॉप जोडला आणि यादीच उलटी करून टाकली. य आधी, अ शेवटी! दिवा लगेच हिरवा. ओपानिन डुलत आत गेले.

तेवढ्यात डोक्याचं कापड मनासारखं बांधून क्वाकूची आई सावकाश आली. तिने आपलं अब्रेफा नाव दाबलं. यंत्र ढिम्म!

आत रश्श्यात फुफूचा मऊ गोळा बुडवता बुडवता ओपानिनांनी क्वाकूला जवळ बोलावलं. डोळ्यांत चक्क पाणी!

"सख्ख्या आईला उन्हात ठेवून मला आधी आत घेतलंस! असा जावई शोधून सापडणार नाही. माझा होकार!"

क्वाकू हवेत! आता फक्त वरमाईंचा होकार तेवढा घ्यायचा राहिला होता. त्या दारातच उभ्या होत्या, आणि यंत्र अजून 'म'पर्यंतसुद्धा पोचलं नव्हतं.