पुलिनदांचा जाहीर सत्कार

पुलिनदांच्या कवितेला कुणी दाद दिली की ते भांडायला उठतात. "वा" म्हणणाऱ्याकडे चष्म्यावरून बघत विचारतात, "कौन सी लाइन?" समोरच्याला ओळ सांगता येत नाही. मग "बाजे कोथा" म्हणजे शुद्ध बकवास, असा निकाल देऊन ते लिफ्टकडे चालू लागतात. सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतले बरेच रसिक या प्रश्नाने गारद झाले आहेत. मला बंगाली येत नाही, म्हणून मी दाद देत नाही. आमची मैत्री त्यावरच टिकून आहे.

ते खरोखरचे कवी आहेत. पोटापाण्यासाठी कोलकात्यात बॉयलर तपासले आणि बंगालीत चार संग्रह काढले. पत्नी गेल्यावर मुलीने त्यांना इथे आणलं. त्यांच्या कवितेत चंद्र नाही. गळका नळ आहे, कारखान्याचा भोंगा आहे, आयुष्यभर एकच छत्री दुरुस्त करणारा एक माणूस आहे. बाकावर बसून ते मला हे हिंदीत समजावतात, आणि फिरून फिरून पत्नीवर येतात. रेणूबौदी, म्हणजे रेणूवहिनी, भूगोल शिकवायच्या. घरी आल्यावर लाल पेन घेऊन यांच्या कवितांवर बसायच्या. "हाम बहुत लिखता था," पुलिनदा म्हणतात. "रेणू काटती थी. जो बचा, वो कविता."

या माणसाचा सत्कार करायचं आमच्या सांस्कृतिक समितीने ठरवलं. सचिव साने पुण्याचे, वयाने माझ्या मुलाएवढे. "काका, आपल्याकडे पोएट आहे आणि आपण त्यांना लेव्हरेजच केलं नाही," असं ते मला म्हणाले. कार्यक्रमाचं नाव 'जीवन आणि कार्य'. पुलिनदांनी आधी साफ नकार दिला. मग एका अटीवर कबूल झाले: रेणूचं नाव आणि तिचं काम स्टेजवरून सांगायचं. चार संग्रहांत ते कुठेच छापलेलं नव्हतं. बौदींनी तेही काटलं होतं.

"डन, दादा," साने म्हणाले.

रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये गेलो तर स्टेजवर पुलिनदांचा भला मोठा फोटो, त्याला मोगऱ्याचा हार आणि पुढे तेवती समई. फोटोला हार कधी घालतात हे सान्यांना माहीत नसेल असं नाही, पण बॅकड्रॉप रिकामा दिसत होता. आमच्या मजल्यावरच्या बेळगावच्या अक्कांनी फोटोला हात जोडले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अय्यो पाप, बिचारे. कधी गेले हो?"

पुलिनदा माझ्या पलीकडेच बसले होते. "अभी जा रहा हूँ, अक्का," ते म्हणाले.

प्रमुख पाहुणे बिल्डरच्या ऑफिसातले. कविता ही मनातली ओपन स्पेस असते आणि त्यांच्या पुढच्या फेजमध्ये ती भरपूर आहे, असं त्यांनी सांगितलं. मग पडद्यावर जीवन सुरू झालं. शाळा, डिग्री, बॉयलर, कुठल्याशा मंत्र्याबरोबरचा फोटो. शेवटी 'धन्यवाद'.

मी सान्यांना गाठलं. "रेणूबौदींचं काय?"

"स्पाउसची स्लाइड ड्रॉप केली, काका. दादांचं भाषणपण. डान्सवाली मुलं खोळंबलीत."

"अहो, तेवढ्यासाठीच तर ते आले."

"स्वल्प अ‍ॅडजस्ट करा ना."

या कानडी शहरात मी पाण्याला, रस्त्याला, सान्यांच्या ढोल-ताशालासुद्धा स्वल्प अ‍ॅडजस्ट केलं आहे. पण एका बाईने जन्मभर दुसऱ्याच्या ओळी निवडल्या, आणि तिच्या वाट्याचं एक वाक्य वगळायला या माणसाला क्षणही लागला नाही. हातातला उपमा त्यांच्या इस्त्रीच्या कुडत्यावर ओतावा असं फार वाटलं. ओतला नाही, याची अजून चुटपुट आहे.

तेवढ्यात पुलिनदा स्टेजवर चढले. कुणाला वाटलं, बोलणार. त्यांनी फोटोवरचा हार काढला, नीट हातावर घेतला आणि बाहेर पडले. मी मागोमाग त्यांच्या घरी गेलो.

मुलगी-जावई खाली बिशीबेळे भाताच्या रांगेत होते. घर रिकामं होतं. या घरात भिंतीला खिळा ठोकायचा नाही असा जावयाचा दंडक, त्यामुळे बौदींचा फोटो कपाटावरच्या डिजिटल फ्रेममध्ये, सगळ्या कुटुंबाच्या सहलींत मिसळलेला, पाळी आली की दिसणारा. पुलिनदांनी फ्रेमला हार घातला. हारात त्या वेळी सिंगापूरचा पेंग्विन होता.

"बैठिए. आएगी," ते म्हणाले.

पोहण्याचा तलाव गेला, बर्फ गेला, कुणाचा तरी केक गेला. मग चष्मा लावलेल्या, कपाळाला आठ्या घातलेल्या एक बाई आल्या. पुलिनदा उभे राहिले आणि खाली राहून गेलेलं भाषण बंगालीत सुरू केलं. मला त्यातलं फक्त 'रेणू' कळलं. दोन-तीन वाक्यं झाली असतील, तोच हारात जावई सिंगापुरात आइस्क्रीम खाताना आले.

पुलिनदा वाक्य अर्ध्यावर ठेवून थांबले. सिंगापूर संपेपर्यंत ते तसेच उभे होते.