नऊ रुग्ण, वाढीचा दर शून्य

करक शहराजवळच्या आमच्या गावात मूत्रपिंडाचे नऊ रुग्ण आहेत आणि आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिस लागतं, ही बाब सर्वांना मान्य होती. त्यांना इस्पितळात नेणारी आमच्या संस्थेची व्हॅन चढावर धापा टाकते, हेही मान्य होतं. नवं इंजिन हवं, यावर खुद्द इंजिनाचंही दुमत नव्हतं. प्रश्न एवढाच होता की ते द्यायचं कुणी. मी संस्थेचा सचिव, निवृत्त भूगोल शिक्षक. अध्यक्ष अबू सायल, आणि चालकही तेच.

राजधानी अम्मानच्या एका सामाजिक गुंतवणूक निधीनं आमचा अर्ज वाचून आम्हाला बोलावलं. आठव्या मजल्यावर लैथ नावाचा तरुण व्यवस्थापक बसला होता. त्याचे आजोबा आमच्याच बाजूचे, म्हणून अबू सायलना जरा धीर आला.

"काका, तुमचा वाढीचा दर काय?"

"कशाच्या वाढीचा?"

"लाभार्थींच्या. आज नऊ आहेत. पाच वर्षांत नव्वद दाखवता येतील?"

"अरे, अल्ला न करो! जिभेला काही हाड आहे का तुझ्या?"

"नऊचे नऊच राहिले, तर गुंतवणूकदार कशाला येईल? बरं, बाहेर पडण्याचा, म्हणजे 'एक्झिट'चा आराखडा?"

"आमचे पेशंट एकाच वाटेनं बाहेर पडतात, बेटा. म्हणून तर इंजिन मागतोय."

लैथनं 'आराखडा आहे' अशी नोंद केली.

तेवढ्यात कॉफी आली. आमच्याकडे मागणं घेऊन गेलेला माणूस कप समोर ठेवतो आणि यजमानानं 'पी' म्हटल्याशिवाय त्याला शिवत नाही. यजमान 'पी' म्हणाला की मागणं मान्य. त्यावर लग्नं ठरतात, खून माफ होतात. अबू सायलनी कप ठेवला आणि ताठ बसले. लैथ वीस मिनिटं पडद्यावर बाण दाखवत होता. शेवटी त्याचं लक्ष गेलं.

"काका, प्या ना. गार होतेय."

अबू सायलच्या डोळ्यांत पाणी आलं. एका घोटात कॉफी संपवून त्यांनी पोराच्या कपाळाचा मुका घेतला. गावात पोचताच गॅरेजवाल्याला सांगितलं, "जुनं काढून टाक. शब्द मिळालाय." त्यानं त्याच दिवशी इंजिन उतरवून भंगारात दिलं.

आठवड्यानं पत्र आलं. 'सदर कॉफी ही आदरातिथ्याचा भाग असून तिला वित्तीय मंजुरी समजण्यात येऊ नये.' यापुढे असा गैरसमज होऊ नये म्हणून आम्हाला मृत समुद्राकाठच्या हॉटेलात तीन दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. विषय: गुंतवणूकदारासमोर कसं बसावं.

इकडे रुग्णांची तारांबळ. कुणी भाजीच्या टेम्पोतून जाई, कुणी जातच नसे. शाळेत तीस वर्षं घंटा वाजवलेल्या उम्म नायफ यांच्या दोन खेपा चुकल्या. अबू सायलनी हॉटेलात समोरचं ताट बाजूला सारलं.

"लैथ, मी जेवत नाही. माझ्या जेवणाचे पैसे इंजिनाला लाव."

"जेवणाचं लेखाशीर्ष वेगळं आहे, काका. त्यातून लोखंड घेता येत नाही."

शेवटच्या दिवशी प्रत्येकानं तीन मिनिटांत आपली संस्था मांडायची होती. अबू सायलनी मंचावर कागदच फेकून दिला. "माझी माणसं मरतील रे! इंजिन द्या, बाकी काही नको!" आणि ते ढसाढसा रडले. सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. परीक्षकांनी त्यांना 'सर्वाधिक प्रामाणिक सादरीकरण' म्हणून काचेचं मानचिन्ह दिलं. इंजिनाची शिफारस करणं त्यांच्या अधिकारात नव्हतं. मला असा संताप आला की ते मानचिन्ह तिथंच आपटावंसं वाटलं, पण त्याच्या पावतीवर माझी सही होती.

आम्ही परतलो त्या दिवशी उम्म नायफ गेल्या. अबू सायल त्यांच्या उंबऱ्यावर बसून राहिले, आत जायचं धाडस होईना. "मी विचारायला हवं होतं, 'पी' म्हणजे नेमकं काय म्हणून," एवढंच ते पुटपुटत होते.

नियमाप्रमाणे मी निधीला कळवलं. तिमाही अहवालात नोंद आली: 'लाभार्थी नऊवरून आठ. समस्येत अकरा टक्के घट. प्रकल्प योग्य दिशेनं.'

अबू सायलच्या रडण्याचा व्हिडिओ निधीनं प्रसिद्ध केला. सहा लाख लोकांनी तो पाहिला आणि हजारोंनी खाली लिहिलं, 'अशा माणसांसाठी कुणीतरी काहीतरी करायला हवं.' निधीनं या प्रतिक्रिया मोजून 'उभारलेला पाठिंबा' या रकान्यात भरल्या. हे वाचून तुमचाही जीव हळहळला असेल, तर दोन ओळी लिहून पाठवा. तेवढंच मागतोय. रकान्यात अजून जागा आहे.