भैयाजी ‘थांब’ म्हणाले

भैयाजींच्या तेरवीच्या फ्लेक्सवर फोटो कोणता घ्यायचा, याबद्दल दुमत नव्हतं. राजाच्या वेशातला, उजवा हात उंचावलेला. वाद पेटला तो फोटोखालच्या ओळीवरून.

मूलजवळच्या त्या गावात भैयाजींनी जन्मभर झाडीपट्टीची नाटकं बसवली आणि पोरं घडवली. जाता-येता प्रत्येकाला सल्ला दिला. नाटकातल्या प्रवीणला सांगितलं होतं, "आधी पाठांतर, मंग मिशा." प्रवीणला तेच छापायचं होतं. पण त्यांचा जुना नट भूपेश हटून बसला.

"एकच शब्द लिवा. थांब!"

त्या शब्दावर भूपेशचं सगळं आयुष्य उभं होतं. तरुणपणी त्याला भद्रावतीच्या कारखान्यात नोकरी लागत होती. तो धावत भैयाजींकडे गेला. ते खाटेवर बसले होते. "भैयाजी, जाऊ का नोकरीवर?" भैयाजींनी हात वर केला. "थांब." भूपेश पाया पडला आणि तसाच माघारी आला. नोकरी गेली. मागोमाग नीलिमाही गेली. तिच्या वडलांना जावई कारखान्यातलाच हवा होता. नाटकात भूपेश कधी सेनापती झाला, कधी हवालदार, आणि माणसं कमी पडली की प्रेतसुद्धा. फार वाईट वाटलं की तो मनाशी म्हणे, भैयाजींना काहीतरी दिसलं असेल.

शेवटी लाल ठसठशीत अक्षरांत ‘थांब!’ छापलं गेलं आणि फ्लेक्स रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना आडवा बांधला गेला.

पहिली एसटी आली आणि थांबली.

"काय झालं जी?" ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "समोर रस्ता बंद हाय का?"

"नाई. चालू हाय," प्रवीण म्हणाला.

"मंग थांब काऊन लिवलं?"

"तो सल्ला हाय."

"कोणाले? मले?"

हा खुलासा होईपर्यंत मागे आलापल्लीहून आलेला सागवानाचा ट्रक थांबला, त्याच्यामागे धानाचे दोन ट्रॅक्टर. बसमधली एक म्हातारी फोटो पाहून मोठ्यानं रडू लागली. हाच राजा तिनं लग्नाआधी पाहिला होता. तिच्यामागून सगळे उतरले. आले, हात जोडले, मांडवात टेकले. टेकलेल्यांपुढे वाढप्यांनी पत्रावळी मांडल्या.

"अरे, हे आपले नाईत!" भूपेश कुजबुजला.

"मंग काय तेरवीच्या पंगतीतून उठवू त्यायले?" प्रवीण म्हणाला.

घरची माणसं जेवायच्या आत भात संपला. भाताचं नवं गंज चुलीवर चढवावं लागलं, श्रद्धांजलीचा कार्यक्रम लांबला. गलका ऐकून भैयाजींच्या पत्नी मनकर्णाबाई बाहेर आल्या.

"भूपेश, इतकी माणसं कुठून आली बापा?"

त्यानं फ्लेक्सकडे बोट केलं. बाई तो एक शब्द बराच वेळ वाचत राहिल्या.

"हे यायनं कवा म्हटलं?"

भूपेशनं सगळं सांगितलं. बाई ओट्यावर मटकन बसल्या.

"अरे, तवा त्यायची कानाची मशीन खाटेखाली पडली होती. थांब म्हंजे, मशीन लावतो, मंग बोल! मशीन घालून वर पायलं त तू गायब. पोरगं काय बोलून गेलं, मले विचारत. मले का मालूम?"

"मंग मले काऊन नाई विचारलं?"

"विचारणारच होते. तेवढ्यात कोणी सांगतलं, भूपेशनं नोकरी सोडली, नाटकात राह्यला. घरी येऊन लेकरासारखे रडले. म्हणे, सारे मले विचारून निघून गेले. हा एकटाच न विचारता राह्यला."

"आन बाई, त्यायले आयकू आलं असतं त?"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "जा म्हटले असते. सगळ्यायले जाच म्हणत. नाटकात काय ठेवलं हाय, म्हणत."

तेवढ्यात माईकवर प्रवीणनं त्याचं नाव पुकारलं.

भूपेश मंचावर जाऊन उभा राहिला. समोर बसचा ड्रायव्हर पत्रावळीवरचं वरण बोटानं निपटत होता. ‘कोणाले? मले?’ आठवलं आणि भूपेशला एकदम हसू फुटलं. त्यानं गमछ्यात तोंड खुपसलं. खांदे गदगदू लागले. लोकांना वाटलं, रडतोय. पुढच्या बायांनी डोळ्यांना पदर लावले, ड्रायव्हरनं जेवणं थांबवलं, भैयाजींना कधीही न पाहिलेली बसभर माणसं हुंदके देऊ लागली. आणि गमछ्याआड केव्हा तरी भूपेशचं हसणं संपलं होतं. नीलिमा आठवली. खाटेवर मशीन लावून त्याची वाट पाहणारे भैयाजी दिसले.

त्यानं तोंड पुसलं. खरं काय झालं ते सगळ्यांना सांगून टाकावं, असं जिभेवर आलं होतं. पण ओट्यावरून मनकर्णाबाई त्याच्याकडे एकटक बघत होत्या.

"मी भैयाजीले काई विचारलंच नाई," तो म्हणाला. "मले राहावंसं वाटलं, म्हणून राह्यलो."

तो खाली उतरला तेव्हा बाई पुढ्यात उभ्या होत्या. त्याच्या हाताला धरून त्यांनी त्याला घरच्यांच्या पंगतीत, भैयाजींच्या मुलाच्या शेजारी बसवलं. दुसरा भात जरा कच्चाच उतरला होता. भूपेशनं तो दोनदा मागून घेतला.