पाटा बोलल्याशिवाय

बंदूक खांद्यावर टाकून शिकारीला जाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. डोक्यावर पाटा घेऊन शिकारीला जाणारा मात्र एकच पाहिला, आणि तो नेमका माझा शेजारी निघाला.

पाटा म्हणजे मसाला वाटायचा पाटा. काळ्या दगडाचा, हातभर लांब, एकट्याने उचलायचा तर तोंडातून देवाचं नाव निघेल असा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटा आणि काखोटीला फडक्यात गुंडाळलेला वरवंटा, अशा थाटात आमचे दाजी घवाळी साठी उलटल्यावरसुद्धा दोन कोस चढण चढून सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर, जायचे. पुढे वाडीतले तात्या आणि त्यांची बंदूक, मग हाकारे, मग तीन कुत्रे, आणि सगळ्यांच्या मागे हा पाटा. समोरून येणारा माणूस बंदुकीला वाट देत नसे, पाट्याला देई.

"दाजी, वाटण घरून करून न्या की. एवढा धोंडा कशाला वाहायचा?" असं मी पहिल्या वर्षी म्हणालो. मी शाळामास्तर. न विचारता सल्ला देण्याचा मला पगार मिळत असे.

दाजी म्हणाले, "मास्तर, तुमी पोरांना पेपर घरून लिवून आणायला सांगता काय?"



ही ऐंशीनंतरची गोष्ट. शिमगा झाला, पालखी देवळात बसली, मुंबईकर एसटीत बसले की आमच्या वाडीतले उरलेसुरले आठ-नऊ जण पारधीला निघायचे. नाव डुकराचं. डुकरं शेतीचा फडशा पाडतात म्हणून तात्यांना बंदुकीचा परवाना होता. पण समोर भेकर आलं तर त्याला कुणी नमस्कार करून सोडून देणार नव्हतं. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं, शेळीएवढं हरीण. त्याला मारायला कायद्याने बंदी आहे हे मी शाळेत घसा फोडून शिकवायचो आणि सुट्टीत ते सगळं फळ्यावर ठेवून यांच्या मागे चालू लागायचो. आज लाज वाटते. तेव्हा फक्त भूक लागायची.

कारण त्या जेवणासारखं जेवण नव्हतं. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी तीन दगडांची चूल, मोठा टोप, घरून आणलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि दाजींचं वाटण. मला बंदुकीच्या आवाजाची भीती वाटते, त्यामुळे माझी नेमणूक दाजींच्या हाताखाली, लसूण सोलायला. आठ वर्षं मी लसूण सोलला. एवढी प्रगती मी शिक्षणखात्यातसुद्धा केली नाही.

दाजींचे नियम कडक. "पाटा बोलल्याशिवाय रानात पाय टाकायचा नाय," हा पहिला. म्हणजे असं, की तात्या बंदूक घेऊन दगडाआड बसणार, हाकारे डबे घेऊन तयार राहणार, पण जोवर दाजींचं वाटण पुरं होत नाही तोवर हाका, म्हणजे जनावर उठवायचा गलका, सुरू करायचा नाही. आणि दाजींचं वाटण काय घाईत होणार होतं? खोबरं भाजणार, कांदा भाजणार, मिरच्या परतणार. मग धोतर खोचून पाट्यापुढे बसणार आणि तासभर घर्र घर्र, घर्र घर्र. दरी नुसती दणाणायची. मिरचीचा ठसका पार समोरच्या डोंगराला जायचा. कुणाला शिंक आली की दाजींचा हात थांबे आणि ते चटकन समोरच्या रानाकडे बघत. मला वाटे, म्हातारा शिंकेचा अपशकुन मानतो. मी आपला शिंक दाबून धरायचो.

एवढं सगळं झाल्यावर हाकारे डबे वाजवत सुटायचे. रानातून काय निघायचं? एकदा ससा निघाला, तोही निसटला. एकदा आमचाच हरवलेला कुत्रा निघाला. आठ वर्षांत टोपात घालण्यासारखं काही निघालं नाही. आम्ही सगळे शहाणे त्याची कारणं शोधायचो. कुणी म्हणे रान तोडलं, कुणी म्हणे नवस फेडायचा राहिला. तात्या तर म्हणायचे की मास्तर बरोबर असला की जनावर येत नाही, विद्येचा वास लागतो त्याला.

मग टोपात काय घालायचं? कुयरी. कुयरी म्हणजे कोवळा फणस. पऱ्याच्या काठी एक फणस होता, त्याची कुयरी दाजी मटणासारखी शिजवत. पण ती नुसती काढायची नाही हं! "शिकार हाय ती. मारल्याबिगर वाटे कसे करणार?" दाजी विचारायचे. तेव्हा तात्यांनी वीस पावलांवरून कुयरीवर नेम धरायचा आणि बार टाकायचा. आमच्याकडे पारधीचे वाटे ठरलेले असतात. पहिला देवाचा, मग बंदुकीचा, डोकं नेम मारणाऱ्याला, हाकाऱ्यांना सारखे, कुत्र्यांनाही एक, आणि वाटेवरून जो कोण जात असेल त्याचाही एक. दाजी हे सगळे वाटे फणसाचे करायचे. देठाकडचा भाग म्हणजे डोकं. तो तात्यांना. तात्या तो मानाने घ्यायचे आणि जेवताना दाताखालचे छर्रे काढून ओळीने दगडावर मांडून ठेवायचे. कुत्रे आपला वाटा हुंगून आमच्या तोंडाकडे बघायचे. त्यांची नजर मला सहन होत नसे.

एका वर्षी बार ऐकून वनखात्याचा गार्ड धावत आला. टोपाचं झाकण काढून त्याने वास घेतला आणि म्हणाला, "भेकर मारलंत!"

"नाय ओ, कुयरी हाय," तात्या कळवळून म्हणाले. बंदूक जप्त व्हायची वेळ आलेली.

गार्डने एक फोड खाल्ली. मग दुसरी खाल्ली. "हे भेकरच," तो म्हणाला.

आम्ही सगळ्यांनी दाजींकडे पाहिलं. स्वयंपाक्याने एक शब्द बोलायचा, की हा फणस आहे. पण दाजींचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका. "सायबाला कळतं त्यातलं," ते म्हणाले, "खाऊ द्या त्यांना पोटभर." आयशीचा घो! तात्यांना घाम फुटला. सुदैवाने गार्डच्या दाताखाली फणसाची आठळी आली. हाडाची आठळी नसते हे त्याला मान्य करावं लागलं. वाटेवरच्याचा वाटा म्हणून त्याला पानभर रस्सा दिला, तेव्हा कुठे तो गेला.

तर असं आमचं बरं चाललं होतं. त्यात मिक्सर आला.

तात्यांचा पुतण्या सुरेश लोट्याला कंपनीत लागला होता. पोरगा चांगला, कामसू, नेमाचा पक्का. बोनसमधून त्याने मिक्सर घेतला आणि त्या वर्षी पारधीला येताना स्टीलचा डबा भरून वाटण घेऊन आला. आदल्या संध्याकाळी तात्यांच्या ओटीवर त्याने डब्याचं झाकण काढलं.

"दाजीकाका, यंदा पाटा ऱ्हाऊ द्या घरी. पाच मिनटांत झालं हे सगळं."

दाजींनी बोटावर घेऊन वास घेतला. "ह्याला दगडाचा वास नाय."

"दगडाचा वास कुणाला हवाय?" तात्या उसळले. "तुझ्या वाटणापायी दरवर्षी उन्हं वर येतात. यंदा उजाडता उजाडता हाका घालायचा. सुरेश बसेल बंदूक घेऊन. बघू जनावर कसं येत नाही ते!"

"थोड्या मिरच्या तरी वाटतो," दाजी म्हणाले. "चटणीपुरत्या."

"काही नको."

"जिरं तरी..."

"दाजी, पुरे!"

सगळे हसले. मीही हसलो. दाजींनी एकेकाकडे बघितलं, माझ्याकडेही बघितलं. मला वाटलं, म्हाताऱ्याचा मान गेला. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्याला येत होती, तीही एका यंत्राने नेली. मला वाईट वाटलं, पण एवढंही नाही की मी तोंड उघडीन. खरं सांगायचं तर मलाही लवकर जेवायचं होतं.

पहाटे निघालो तर दाजी हजर. डोक्यावर पाटा!

"आता काय वाटणार? गवत?" सुरेशने विचारलं.

"सवय हाय डोक्याला," दाजी म्हणाले आणि चालू लागले.

सड्यावर पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. सुरेश बंदूक घेऊन पऱ्यापलीकडच्या दगडाआड बसला, तात्या त्याच्या शेजारी. दाजी आणि मी चुलीपाशी. लसूणही सोलायचा नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदा पारधीत बेकार झालो. हाका सुरू झाला. डबे, आरोळ्या, कुत्रे. दाजी पाट्यापुढे बसले होते, हात मांडीवर, नजर समोर.

आणि समोरच्या उतारावर, करवंदीच्या जाळीतून, भेकर बाहेर आलं.

आठ वर्षांत पहिलं. तांबूस, नाजूक, चार काटक्यांवर उभं केल्यासारखं. हाका मागून येत होता, पुढे सगळं शांत होतं, म्हणून ते शांततेकडे आलं. उघड्यावर येऊन उभं राहिलं. सुरेशची नळी हळूच वर झाली.

घर्र घर्र! घर्र घर्र!

मी दचकून पाहिलं. दाजी पाटा वाटत होते. पाट्यावर मिरची नाही, खोबरं नाही, पाण्याचा थेंब नाही. कोरड्या दगडावर कोरडा दगड, दोन्ही हातांनी, सगळं अंग घालून. दगडाची पांढरी पूड उडत होती. डोळे मात्र भेकरावर.

भेकराने मान वर केली, एकदा भुंकलं आणि जाळीत दिसेनासं झालं. मागोमाग बार झाला. तो हवेत गेला.

सुरेश तावातावाने आला. "दाजीकाका, काय केलंत हे?"

"पाटा साफ करीत व्हतो," दाजी म्हणाले.

त्या दिवशी कुयरी मिक्सरच्या वाटणात शिजली. चांगली झाली होती, खोटं कशाला बोलू? दाजींनी वाटे केले, देवाचा, बंदुकीचा, कुत्र्यांचा. आपल्या वाट्याला हात लावला नाही.

परतताना मी मुद्दाम मागे राहिलो. वरवंटा माझ्याकडे घेतला. मग दाजी आपणहून म्हणाले, "मास्तर, बंदूक मीपण चालवायचो. नेम तात्यापरीस चांगला व्हता माजा. एकदा भेकर पाडलं. जवळ जातो तर बाजूला पिल्लू. ता घरी आणलं. आमच्या हिनं कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजून जगवलं. पोरबाळ नव्हतं आमाला. शिंकी नाव ठेवलंन तिचं."

"शिंकी?"

"ही पाट्यावर मिरची वाटायला बसली की शिंकायची ओ ती! एक शिंक, दुसरी शिंक, की पळाली परसात. पुढं पुढं तर नुसता वरवंटा ऐकला तरी पळायची. दोन वर्सं ऱ्हायली. मग एका शिमग्यात ह्या रानात गेली ती गेलीच. ही रोज सांजेला सड्यापर्यंत जाऊन हाका मारायची. जीव जाताना मला म्हणाली, तुमी पारधीला जाल थितं माजा पाटा घेऊन जावा. शिंकी ऐकंल, पळंल."

मी उतरणीवर उभाच राहिलो. आठ वर्षं आम्ही नऊ जण जनावर का येत नाही याचा विचार करत होतो, आणि जनावराला वर्दी देणारा माणूस मध्यभागी बसून आम्हाला जेवू घालत होता!

"मग सांगायचं होतं सगळ्यांना. नाहीतर यायचं नाही."

"सांगितलं तर हसतील. आणि मी नाय आलो तरी ते येतीलच की."

माझ्यातला मास्तर काही मरत नाही. मी विचारलं, "किती वर्षं झाली, दाजी?"

"हिला जाऊनच अठरा झाली."

"दाजी, भेकर एवढी वर्षं जगत नाही हो."

बोललो आणि जीभ चावली. दाजी दहा-बारा पावलं तसेच चालले. डोक्यावरचा पाटा जरासुद्धा हलला नाही.

"ता मला ठाव हाय," ते म्हणाले. "पण पिल्लं झाली असतील ना तिला? सांगून ठेवलं असंल तिनं त्यांना."

पुढच्या वर्षी सुरेश पुन्हा डबा भरून वाटण घेऊन आला. चढणीवर त्याने तो घटकाभर धरायला माझ्याकडे दिला. मास्तर माणूस, खडू धरायची सवय, स्टीलचा डबा हातातून निसटला. झाकण एकीकडे, वाटण दरीत. सुरेशने कपाळावर हात मारला. तात्यांनी माझ्या सबंध घराण्याचा उद्धार केला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

दाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मिरच्या हायत माज्याकडं," एवढंच म्हणाले.

उन्हं वर आली तरी पाटा बोलत होता. मी शेजारी बसून लसूण सोलत होतो. मिरचीचा ठसका नाकात गेला आणि मला शिंक आली. ती मी दाबली नाही, चांगली मोठ्याने दिली. दाजींचा हात थांबला आणि त्यांनी चटकन समोरच्या रानाकडे पाहिलं. या खेपेला मीही पाहिलं.