गेन लई चढलाय

पाच वाजेपर्यंत गाणं तनुजाकडे गेलं नाही, तर तिच्या एकांकिकेत दुसऱ्याच कुणाचं तरी गाणं वाजणार होतं. दोन वर्षं घरच्यांना ‘होईल, होईल’ सांगून झाल्यावर विश्वजीतला मिळालेलं हे पहिलं खरं काम. त्यामुळे विश्रांतवाडीच्या घरातल्या मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून, कानाला हेडफोन लावून तो सकाळपासून इरेला पेटला होता. हेडफोन लावलेला माणूस आपण हळू बोलतोय असं समजून ओरडत असतो, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“आवाज फाटतोय रे,” तनुजा फोनवर म्हणाली.

“गेनचा प्रॉब्लेम आहे सगळा,” विश्वजीत गरजला. “गेन लई चढलाय. त्याला खाली आणतो, मग बघ.”

गेन म्हणजे माइकचा आवाज किती जोरात आत घ्यायचा ते ठरवणारं बटण. पण बाहेर शेंगा सोलत बसलेल्या त्याच्या आजीला, बायडाबाईंना, त्या नावाचा एकच माणूस माहीत होता. पन्नास वर्षांत उखाण्याखेरीज त्यांनी ते नाव घेतलं नव्हतं. त्या तशाच उठून नवऱ्याकडे, गेनबांकडे गेल्या.

“अहो, पोरगं तुमच्यावर तापलंय.”

“काय म्हनतंय?”

“ते मी कसं सांगू? नाव हाय त्यात.”

मग गेनबा स्वतःच दाराशी जाऊन उभे राहिले. आतून आवाज आला, “या गेनमुळं सकाळ वाया गेली माझी. आता अर्ध्यावरच आणतो त्याला.”

गेनबांना धमकीचं एवढं वाटलं नाही. “नावातला ‘बा’ बी खाल्ला त्यानं,” असं म्हणून त्यांनी सरळ मेन स्विच पाडला.

कॉम्प्युटर विझला. सकाळपासून गायलेलं सेव्ह करायचं राहिलं होतं, आणि साडेतीन वाजले होते. विश्वजीत धावत बाहेर आला.

“आबा, लाइट का घालवली?”

“खोली माझी, आन मलाच खाली आनतो व्हय?”

घोळ कळायला त्याला पाच मिनिटं लागली आणि समजवायला वीस. शेवटी त्याने मेन स्विच वर केला, आबांना हाताला धरून आत नेलं, बटण दाखवलं, त्याखालची अक्षरं वाचून दाखवली. आपल्या नावाचं बटण बघून गेनबांचा चेहरा खुलला. त्यांनी खुर्ची ओढली. “मी बसतो हितं. तू गा.”

विश्वजीत पुन्हा पहिल्यापासून गाऊ लागला. पण आपलं नाव अर्ध्यावर राहिलेलं गेनबांना बघवेना. तो डोळे मिटून सूर लावायचा, आणि आबा बटण वर न्यायचे. तीनदा गाणं फाटलं.

“आबा, गेन कमी ठेवा की.”

“का म्हनून? कुणाच्या बापाचं भ्या हाय?”

पाचला वीस मिनिटं कमी होती. विश्वजीत चौथ्यांदा माइकसमोर उभा राहिला. तेवढ्यात बायडाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी कपबशी गेनबांच्या दोन्ही हातांत दिली आणि खुर्चीमागेच उभ्या राहिल्या.

या वेळी आवाज स्वच्छ आला, शेवटच्या ओळीपर्यंत. पाचला दोन मिनिटं असताना गाणं गेलं. “हेच घेतेय,” तनुजाचं उत्तर आलं. मग विश्वजीतचं लक्ष बटणाकडे गेलं; ते पुन्हा अर्ध्यावर आलं होतं.

“आजी, तू काय केलंस गं?”

“काय न्हाई,” रिकामी कपबशी उचलत बायडाबाई म्हणाल्या. “ह्यांना जरा खाली घेतलं. सवय हाय मला.”